ढोकाच्या पायातलं कडं

पक्ष्याचा पाय धुता धुता मायाप्पाचा हात थांबला.

ओढ्याचं पाणी पांढरं झालं होतं. ढोकाचे पाय खालपर्यंत चुना फासल्यासारखे पांढरे असतात, त्यात मायाप्पाला नवल नव्हतं. ऊन तापलं की हा पक्षी आपल्याच पायांवर शिटतो आणि त्या ओलीने पाय गार ठेवतो. जन्मभर माळावर मेंढरं राखणाऱ्याला हे ठाऊक असतं. ते कुणाला सांगण्यासारखं आहे असं मात्र त्याला वाटत नाही. पण आज तो चुना निघाला, खालची लाल कातडी दिसली आणि त्या कातडीवर एक कडं दिसलं.

"गुंडा," मायाप्पा म्हणाला, "जरा हिकडं ये."

गुंडा हा मायाप्पाच्या बायकोचा, केराबाईचा, धाकटा भाऊ. सकाळीच तो पाहुणा म्हणून येऊन टेकला होता. त्याच्यासाठी मेंढरू कापावं इतका तो मोठा पाहुणा नव्हता आणि कोरड्या भाकरीवर भागवावं इतका लहानही नव्हता. तेव्हा मायाप्पाने गोफण उचलली आणि मेंढरांच्या मागे टोळ टिपत फिरणाऱ्या ढोकांमधला एक पाडला. सोलापूरच्या उत्तरेला, हिप्परग्याच्या तलावापलीकडच्या त्या माळावर थंडीत हे पक्षी दरसाल येत. उंच, पांढरे, पंखांच्या कडा काळ्या, चोच लाल.

गुंडाने वाकून पाहिलं. "आयला, दाजी, कडं हाय की वो. कुनी घातलं?"

"त्येच तर." मायाप्पाने पक्ष्याचा पाय हळूच खाली ठेवला. "ह्यो सोडल्याला हाय."

आणि तो ओढ्याच्या काठावर बसूनच राहिला.

मायाप्पाच्या भावकीत नवस फळला की बिरोबाच्या नावाने एक मेंढा सोडायची चाल होती. त्याच्या पायात तांब्याचं कडं घालत. मग तो कुणाच्या ज्वारीत शिरो नाहीतर कुणाच्या ओसरीवर चढो, त्याला कुणी दगड मारत नसे. चुकून कुणाच्या हातून तो मेलाच, तर ज्याचा नवस असेल त्याला मारणाऱ्याने शोधून काढायचं, त्याच्या पायावर आपला पटका ठेवायचा आणि तसाच दुसरा जीव, तसंच कडं घालून सोडायचा. तोवर देवाच्या वाद्याला हात लावायचा नाही. ही शेवटची अट बाकीच्यांना फारशी जाचली नसती, कारण बाकीच्यांना वाजवता येत नव्हतं. मायाप्पाच्या घराकडे मात्र बिरोबाच्या ढोलाचा मान होता. जमीन नाही, घर म्हणावं असं घर नाही, माळावर मेंढरांभोवती जाळ्याची वाघर लावून राहायचं. या माणसाकडे स्वतःचं असं काही होतं तर तो ढोल.

"टाका हिरीत त्ये कडं," गुंडा म्हणाला. "कोन बगतंय? मी काय बोलनार न्हाय."

केराबाई घागर घेऊन आली होती. मायाप्पाने पायातून काढलेलं कडं तिने हातात घेतलं, बोटावर फिरवून पाहिलं.

"वाळ्यावानी हाय," ती म्हणाली आणि चटका बसल्यागत परत दिलं.

तिच्या कमरेच्या चंचीत चांदीच्या वाळ्यांचा एक जोड होता. तो कुणाला दाखवण्यासाठी नव्हता. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचा एकुलता एक मुलगा धुळा गेला, तेव्हा तो नुकता वाघरीची दोरी धरून उभा राहायला लागला होता. पुढे पाळणा हलला नाही. ते वाळे तेवढे राहिले.

ढोकाला त्यांनी पुरला. गुंडा शेंगाच्या चटणीशी भाकरी खाऊन गेला आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत अर्ध्या तालुक्याला ही गोष्ट ठाऊक झाली. बोलणार नाही असं त्याने म्हटलं होतं खरं, पण ते कडं विहिरीत टाकलं असतं तर.

चैत्रात बिरोबाची जत्रा भरली. झांजा वाजायला लागल्या, गजी नाचणारे रिंगणात उतरले आणि ढोल तसाच पडून राहिला. मायाप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा.

"आरं, पाखरू त्ये," भावकीतला जाणता ज्ञानबा त्याची समजूत घालत होता. "पाखराला कोन नवसात सोडतंय?"

"मग पाखराला कडं कोन घालतंय, तात्या?"

शेवटी ढोल गुंडाच्या गळ्यात घातला. गुंडाने तो बडवला. वाजवला असं कुणी म्हटलं नाही. नाचणाऱ्यांचे पाय एकीकडे, ढोल एकीकडे, असं ते रिंगण कसंबसं संपलं. मायाप्पा बायामाणसांच्याही मागे उभा होता. त्याची बोटं मांडीवर बरोबर तालात पडत होती, हे केराबाईने पाहिलं आणि मान फिरवली.

मग त्याने शोध सुरू केला. कडं धोतराच्या सोग्यात बांधून तो लोकर विकायला, मेंढरं विकायला, कुठेही गेला की ते सोडून दाखवू लागला. कड्यावर बारीक अक्षरं खोदलेली होती. सोलापुरात दुकानांच्या पाट्या चार लिप्यांत असतात, त्यामुळे अक्षरं वाचणारं कुणीतरी भेटेलच अशी त्याची खात्री होती. साखरपेठेतल्या हातमागवाल्या कमलम्माने सांगितलं, तेलुगू नव्हे. दुधनीच्या आडत्याने सांगितलं, कानडी नव्हे. आपली नाहीत म्हणजे त्यांची असतील, असं ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मायाप्पा तिकडे जाई. जाईल तिथे एकच प्रश्न विचारी: हा नवस कुणाचा आणि कुठल्या देवाचा? लोक आधी हसत. मग त्याचं तोंड पाहून हसायचे थांबत.

विजापूर वेशीजवळ हुसेनसाब कल्हईवाला बसत असे. त्याने भात्यावरचा पाय न काढताच कडं हातात घेतलं, दाताखाली धरलं आणि थुंकला.

"तांबा नै ये. जस्त बी नै. ते नवे पातेले निघालेत न्हवं, फुंकले तर उडतात? त्याचं हाय हे."

"त्येला काय म्हनत्यात?"

"मी त्याला दुश्मन म्हनतो. कल्हई लागत न्हाई त्याला. धा वर्षांनी मी हितं बसून माश्या मारनार, बघ तू." हुसेनसाबने कडं उन्हात धरलं. "हर्फ इंग्रजी दिसतात. घोडाडाक्टरकडं जा की. तो मानसांशी कमी बोलतो, पन जनावराचं काही आसंल तर सांगतो."

घोडाडॉक्टर म्हणजे ढोरांच्या दवाखान्यातले सिद्रामप्पा बिराजदार. हुसेनसाब म्हणाला ते खोटं नव्हतं. आजारी बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे ते ढुंकून पाहत नसत. बैलाशी मात्र कानडीत बोलत. त्यांच्या फळीवर पक्ष्यांची चित्रं असलेली इंग्रजी मासिकं रचलेली होती. कडं पाहिल्याबरोबर ते खुर्चीतून उठले.

"कुठे मिळालं?"

"ढोकाच्या पायात."

"मेलेला सापडला?"

"न्हाय. मी मारला."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा अक्षरं वाचली. "अक्षरं इंग्रजी आहेत, पण भाषा नव्हे. जर्मन असावी."

"ह्ये कुटं आलं गाव?"

"गाव नाही, मुलूख आहे. साहेबाच्या देशाच्याही पलीकडे."

"तितं बिरोबाचं ठानं हाय का वो?"

डॉक्टर हसणार होते, पण हसले नाहीत. "माहीत नाही," ते म्हणाले. "कडं ठेवून जा. मी लिहून विचारतो."

"कडं न्हाय ठेवनार. देवाची चीज हाय ती."

तेव्हा डॉक्टरांनी अक्षरं आणि आकडे उतरवून घेतले आणि कडं परत मायाप्पाच्या सोग्यात गेलं. उत्तर यायला एक पावसाळा गेला, थंडी गेली आणि दुसरी जत्राही गेली. गुंडानेच पुन्हा ढोल बडवला. बिरोबाला एव्हाना सवय झाली असावी. नाचणारे मात्र त्या वर्षी दोन कमी आले.

दिवाळीनंतर मायाप्पा एक लंगडं मेंढरू घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरांनी मेंढराआधी त्याला बसवलं. हे त्यांच्या हातून क्वचितच होई.

"उत्तर आलं. तुझ्या ढोकाचं घर सापडलं."

मायाप्पा खाली बसला होता तो गुडघ्यांवर आला.

"तिकडे एका शेतकऱ्याच्या घराच्या छपरावर त्याचं घरटं आहे. तिथले लोक मुद्दाम जुनं गाडीचं चाक छपरावर ठेवतात, या पक्ष्याने त्यावर घरटं करावं म्हणून. पिल्लू लहान असताना शिडी लावून वर चढले आणि कडं घातलं. अशी शेकड्यांनी घालतात."

"कशापायी?"

"कुठे जातात ते कळावं म्हणून. तिकडे थंडीत बर्फ पडतं. हे निघून जातात आणि उन्हाळ्यात फिरून त्याच घरट्यावर येतात. मधले महिने कुठे असतात, हा त्यांना प्रश्न."

"हितं आस्त्यात की."

"ते तुला माहीत. त्यांना कसं कळणार? पक्षी काही सांगत नाही. याला तर कंठसुद्धा नाही, नुसती चोच आपटतो."

ते मायाप्पाला ठाऊक होतं. त्याने मान हलवली. मग जे विचारायला तो दोन वर्षं हिंडला होता ते विचारलं. "लई रागावल्यात का?"

"कोण? अरे, आभार मानलेत त्यांनी."

"मी मारलं आन् त्ये आभार मानत्यात?"

"कुठवर पोचला ते कळलं म्हणून."

"आन् त्यो शेतकरी? छपरावर चाक ठेवल्याला?"

डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला. "त्याचं काही लिहिलेलं नाही."

"त्यो वर बघत आसंल की," मायाप्पा म्हणाला.

डॉक्टर मेंढराचा खूर तपासू लागले. मान वर न करताच ते म्हणाले, "त्या मुलखात एक गंमत सांगतात. हा पक्षी म्हणे चोचीत धरून मूल आणून देतो. ज्याच्या छपरावर बसला त्याच्या घरात पाळणा हलतो. म्हणून त्याला कुणी मारत नाही."

नवस नव्हे म्हणता म्हणता गोष्ट नवसाच्याही पुढे गेली होती. त्याने सोग्यातलं कडं काढलं. "म्या दुसरा ढोक धरून त्येला ह्येच कडं घालतो. बदली."

"ते नको. त्यांना वाटेल तोच जिवंत आहे. खोटं होईल ते."

"मग दुसरं कडं?"

"घाल, पण गरज नाही रे, मायाप्पा. कुणाचा नवस नव्हता तो."

"गरज हाय," मायाप्पा म्हणाला आणि मेंढरू खांद्यावर घेऊन निघाला.

रात्री चुलीपुढे त्याने केराबाईला सगळं सांगितलं: बर्फ, छप्पर, चाक, शिडी. ती भाकरी थापत ऐकत होती. मूल आणून देण्याचं आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"कोन आनून देतो म्हन्ले?"

"ढोक."

"हं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. त्या वेळी भाकरी जरा करपली, पण मायाप्पाने ती तशीच खाल्ली.

उडणारा ढोक धरायचा कसा, हा प्रश्न फाल्गुनातल्या गारांनी सोडवला. दुपारी आभाळ काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. कोकरं वाघरीत घेईपर्यंत मायाप्पाची पाठ सोलून निघाली. पाऊस उघडल्यावर माळावर ढोक इकडेतिकडे पडलेले दिसले. बरेच मेलेले. एक मात्र पंख पसरून बसला होता. भिजून जड झालेले ते पंख त्याला उचलवत नव्हते. मायाप्पाने त्याच्यावर घोंगडी टाकली आणि त्याला छातीशी धरून आणलं. ढोकाने वाटेत त्याच्या हनुवटीवर चोच मारून रक्त काढलं. ते मायाप्पाला रास्त वाटलं.

पाच-सहा दिवस ढोक कोकरांच्यात राहिला. केराबाई त्याला तलावातले बारके मासे आणून घाली. तिला पाहिलं की तो मान मागे पाठीला टेकवी आणि मागावर धोटा चालावा तशी चोच खटखट वाजवी. कोकरं पळत. केराबाई हसे. ती हसते हे मायाप्पाच्या बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं.

"उद्या हुसेनसाबाकडनं तांब्याचं कडं करून आनतो," तो म्हणाला. "पंख वाळल्यात आता."

केराबाईने चंची सोडली आणि त्यातला एक वाळा त्याच्यापुढे धरला.

मायाप्पाने हात पुढे केला नाही. "ह्यो धुळाचा हाय."

"मला ठावं न्हाय व्हय कुनाचा हाय?"

"आगं, पन त्ये परत न्हाय यायचं. एकदा सुटलं की सुटलं."

"चंचीत ठिवून तरी कुटं आलाय परत?" ती म्हणाली. "तितं त्या छपरावाल्याला दिसंल. म्हनंल, हिकडंबी कुनाचं तरी हुतं." तिने चंचीची गाठ पुन्हा बांधली. "मला वाटतंय त्येला कुनीतरी बगावं. आपल्या दोगांबिगर कुनी बगितलंच न्हाय वो त्येला."

मायाप्पाने वाळा घेतला.

हुसेनसाबने वाळा तळहातावर ठेवून पाहिला. एवढासा वाळा कशाचा असतो हे त्याला सांगावं लागलं नाही आणि कशासाठी हे त्याने ऐकून घेतलं. त्या दिवशी तो फुंकरीने उडणाऱ्या त्या नव्या अल्युमिनियमच्या पातेल्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही. वाळा त्याने कापला, वाकवून लहान केला, पाय खरचटू नये म्हणून आतली कड बराच वेळ कानशीने घासली. उरलेला चांदीचा तुकडा आणि घासलेली भुकटीसुद्धा त्याने कागदाच्या पुडीत बांधून दिली.

"घर में दे," तो म्हणाला. "हे तिचं हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दोघं तलावाच्या काठावर गेली. मायाप्पाने ढोकाचा पाय पाण्यात धुतला, वाळा घातला, चिमट्याने दाबला. मग डोक्यावरचा पटका काढून उत्तरेकडे तोंड करून जमिनीवर ठेवला आणि त्या न पाहिलेल्या शेतकऱ्यापुढे डोकं टेकलं. ढोकाला या विधीत रस नव्हता. तो ऐटीत चार पावलं चालला, धावला, पंख मारून जडपणे उठला. तापलेल्या माळावर गरम हवा वर चढत होती तिथे पोचल्यावर मात्र त्याने पंख मारायचे सोडले आणि नुसता गोल गोल वर जात राहिला. मायाप्पाला तो दिसेनासा झाला तरी केराबाई वर बघतच होती.

चैत्रात गुंडाने ढोल मुकाट्याने मायाप्पाच्या गळ्यात घातला. दोन वर्षांत त्याला त्या मानाची गोडी लागली होती, त्यामुळे तोंड जरा फुगलेलं होतं. मायाप्पाने ते परमुलखातलं कडं ढोलाच्या दोरीत ओवलं आणि पहिली थाप दिली. नाचणाऱ्यांचे पाय जागेवर आले. त्या रात्री तो उजाडेपर्यंत वाजवत होता; सगळ्यांना आनंद झाला, मायाप्पालाही झाला. ढोलाच्या आवाजात कड्याची किणकिण त्याच्याशिवाय कुणाला ऐकू आली नसावी.

याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांची बदली झाली. हुसेनसाब म्हणाला होता तसं त्याचं गिऱ्हाईक तुटत गेलं. कुठल्याही मुलखातून चांदीच्या वाळ्याची खबर आली नाही. येणार कशी, त्यावर अक्षरं नव्हती. ढोक मात्र थंडीत येतात. माळावर त्यांचे पाय पांढरे, त्यामुळे पायात काही असलं तरी दिसायचं नाही. सकाळी ते तलावाच्या उथळ पाण्यातून बाहेर येतात तेव्हाच काय ते पाय धुतलेले, लाल दिसतात. म्हणून मायाप्पा आणि केराबाई पहाटेच काठावर येऊन बसतात. केराबाईला अलीकडे लांबचं दिसत नाही. जोडीतला दुसरा वाळा मुठीत धरून ती मायाप्पाच्या बोलण्याकडे कान लावते.

"दिसला का वो?"

मायाप्पाला पाण्यातून निघून माळाकडे गेलेले ढोक दिसलेले असतात. एकूण एक पाय त्याने पाहिलेला असतो.

"पान्यातच हुबी हायती आजून," तो म्हणतो. "भाईर येऊ दे."